गाणं ओळखीचं, हाक कुणाची?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥

*कुटुंब-अभ्यास : या आठवड्याचा पाठ*
(घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावा. एकाने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा.)



गेला महिनाभर आपला 'श्रवण' हा विषय चालू आहे. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिलं स्थान का दिलंय, ते आपण पाहिलं. कानावाटे आत गेलेलं सहजासहजी बाहेर येत नाही, म्हणून काय ऐकतो याचं भान हवं, इथपर्यंत आपण आलो होतो. आज त्याचीच रोजच्या घरातली एक बाजू पाहू. विषय आहे, आपल्या आवडीची गाणी आणि पिझ्झा-बर्गरच्या जाहिराती. वाचून काहींना हसू येईल. मलाही आलं असतं, पण दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक प्रसंग घडला आणि तो मनातून जाईना. म्हणून हा पाठ मी मागून घेतला.

*प्रसंग*

माझं माहेर इंदूरचं, रामबागेतलं. १९८३-८४ ची गोष्ट, मी सातवी-आठवीत होते. दादा कॉलेजात. मराठी शाळेत शिकलेला, त्यामुळे इंग्रजीची धास्ती. त्याने राजवाड्याजवळून इंग्रजी गाण्यांची एक कॅसेट आणली. टेप लावायचा, एक ओळ ऐकायची, बटण दाबून थांबवायची, वहीत उतरवायची, समजली नाही तर पुन्हा मागे घ्यायची. टेप गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची ड्यूटी माझी. त्यातलं एक गाणं तर त्याने इतक्या वेळा मागे-पुढे केलं की त्या जागी टेप घरघरायला लागली. घर सोडून लांब गेलेल्या मुलाचं गाणं होतं ते. वहीत उतरवलेले अर्धे शब्द चुकीचे होते, हे आम्हाला खूप वर्षांनी कळलं. पण त्याच वहीने दादाची इंग्रजीची भीती गेली आणि पुढे तो बँकेत लागला.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दादा गेला. त्या एप्रिलबद्दल वेगळं काही सांगायला नको.

यंदा त्याच्या वाढदिवसाला आम्ही सगळे वहिनीकडे जमलो होतो. सकाळी पोहे-जलेबी झाली, दादाच्या आवडीप्रमाणे वर भरपूर जिरावण घालून. दुपारी वहिनी म्हणाली, "त्यांचं ते गाणं लावा ना कुणीतरी." भाचीने मोबाइलवर लावलं. पहिले सूर वाजले आणि आतल्या खोलीतून दादाचा नातू धावत आला. आठ वर्षांचा आहे. म्हणाला, "पिझ्झ्याचं गाणं! आज पिझ्झा मागवलाय?"

सगळे हसलो. वहिनीसुद्धा हसली. मग तिने मोबाइल हळूच पालथा घातला आणि म्हणाली, "राहू दे. नंतर ऐकू." नंतर कुणी ऐकलं नाही.

पुढचं सांगायला संकोच वाटतो, पण पाठ लिहायचा तर खरं लिहायला हवं. रात्री सगळे दमलेले, स्वयंपाकाचा कंटाळा. ठरलं, पिझ्झा मागवू. मागवणारी मीच. आणि मागवताना माझ्याच तोंडात ते गाणं होतं. गाणं दादाचं होतं, पण त्या घटकेला काम पिझ्झ्याचं करत होतं.

गाण्याचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या घरातलं असं एखादं गाणं असेल, ते तुम्ही तिथे ठेवा.

*१. गाणं जाहिरातीत जातं कसं?*

मला वाटायचं, गायकाने पैसे घेतले आणि गाणं विकलं. थोडं वाचल्यावर कळलं की गोष्ट एवढी सोपी नाही. एका गाण्याचे कायद्याने दोन भाग असतात. पहिला भाग शब्द आणि चाल. त्यांची परवानगी गीतकार-संगीतकाराकडून, किंवा त्यांनी ज्याला हक्क दिले त्याच्याकडून घ्यावी लागते. दुसरा भाग म्हणजे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण. ते बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीचं असतं. दोन्ही परवानग्या मिळाल्या तर आपण ऐकलेला मूळ आवाज जाहिरातीत येतो. फक्त पहिली मिळाली तर तेच गाणं दुसऱ्याकडून गाऊन घेता येतं. म्हणजे ज्या आवाजासाठी आपण जीव टाकतो, त्या गायकाला कित्येकदा विचारलंही जात नाही. तेव्हा जाहिरात ऐकून गायकावर रागावण्याआधी थोडं थांबावं.

आता तीन खऱ्या गोष्टी पाहू. तिन्ही अमेरिकेतल्या आहेत, कारण हा व्यवहार तिथे आधी मोठा झाला.

*पहिली गोष्ट : शब्द काढले, चाल ठेवली.* १९२८ साली बर्लिनमध्ये 'द थ्रीपेनी ऑपेरा' हे संगीत नाटक आलं. शब्द ब्रेख्तचे, संगीत कुर्ट वाइलचं. आपल्या पुलंनी याच नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' लिहिलं. त्या जर्मन नाटकात चाकू बाळगणाऱ्या एका खुन्याचं गाणं आहे. पुढे 'मॅक द नाइफ' नावाने बॉबी डॅरिन या गायकाने ते इंग्रजीत गायलं आणि १९५९ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. १९८० च्या दशकात मॅकडोनाल्ड्सला संध्याकाळच्या जेवणाचं गिऱ्हाईक वाढवायचं होतं. त्यांनी चंद्रकोरीच्या तोंडाचं, काळा चष्मा घातलेलं, पियानो वाजवणारं एक पात्र आणलं, त्याचं नाव 'मॅक टुनाइट'. गाणं हेच, फक्त खुनाच्या जागी रात्रीचा बर्गर आला. १९८९ मध्ये बॉबी डॅरिनच्या मुलाने कोर्टात दावा लावला आणि कंपनीने जाहिरातीत ते गाणं वाजवणं बंद केलं. वडील १९७३ मध्येच वारले होते. हे वाचताना मला आमची वहिनी आठवली. तिला कुठल्या कोर्टात जायचं नाही, पण दुखणं त्याच जातीचं आहे.

*दुसरी गोष्ट : आवाजाची नक्कल.* टॉम वेट्स नावाचा घोगऱ्या आवाजाचा एक गायक आहे. जाहिरातीसाठी गाणार नाही, असं त्याने जाहीरपणे सांगितलेलं होतं. फेरीवाल्यासारखं ओरडून सगळं विकणाऱ्या जाहिरातींची थट्टा करणारं एक गाणंच त्याने १९७६ मध्ये केलं होतं. १९८८ मध्ये फ्रिटो-ले कंपनीने डोरिटोस या कुरकुरीत चिप्सच्या रेडिओ-जाहिरातीसाठी त्याच गाण्याच्या धर्तीवर गाणं बनवलं आणि हुबेहूब त्याच्यासारखं गाणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून म्हणवून घेतलं. ज्या गाण्याने विक्रीची टर उडवली, त्याच्याच वळणावर विक्री! वेट्स कोर्टात गेला. १९९० मध्ये ज्युरीने सुमारे २५ लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितली आणि १९९२ मध्ये वरच्या कोर्टानेही मुख्य निकाल कायम ठेवला. माणसाचा ओळखीचा आवाज हीसुद्धा त्याची स्वतःची गोष्ट आहे, ती त्याच्या मनाविरुद्ध कुणी वापरू नये, हे त्यातून ठरलं.

*तिसरी गोष्ट : गाणं आधी, विक्री मागून.* २००३ मध्ये मॅकडोनाल्ड्सने जर्मनीतल्या म्युनिकमधून नवी मोहीम सुरू केली, 'आय एम लव्हिन इट'. जस्टिन टिंबरलेक या त्या वेळच्या लाडक्या गायकाने ते म्हटलं आणि ते नुसतं घोषवाक्य न राहता पूर्ण पॉप गाणं म्हणूनही बाजारात आलं. ती पाच सुरांची गुणगुण आज जगभरातल्या मुलांना शब्दांशिवाय ओळखू येते. पुढे २००८ मध्ये क्रिस ब्राऊनचं 'फॉरेव्हर' हे नाचाचं गाणं खूप गाजलं. लोकांना आवडलं, तोंडी बसलं, आणि काही महिन्यांनी उघड झालं की ते च्युइंगमच्या एका जुन्या जाहिरातगीताचंच वाढवलेलं रूप होतं, रिग्ली कंपनीने करवून घेतलेलं. ऐकणाऱ्यांना तोवर पत्ता नव्हता.

म्हणजे आधी आपलं गाणं तिकडे जात होतं. मग तिकडचं गाणं 'आपलं' होऊन घरात यायला लागलं.

आपल्या देशातला कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम ५७ नुसार, आपल्या रचनेची मोडतोड होऊन मानहानी होत असेल तर रचनाकाराला दाद मागता येते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमासाठी लिहिलेल्या गाण्याचा पुढे दुसरीकडे वापर झाला तर गीतकार-संगीतकाराचा त्यातला वाटा सुरक्षित राहतो. चांगली गोष्ट आहे. पण ऐकणाऱ्याच्या आठवणीला कुठल्याच देशात कलम नाही. तिची राखण आपल्यालाच करायची आहे.

*२. मनात नेमकं काय होतं?*

१९८२ मध्ये जेराल्ड गॉर्न या अभ्यासकाने एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एका साध्या पेनाची जाहिरात दाखवली. एका गटाला सोबत 'ग्रीस' या गाजलेल्या सिनेमाचं आवडतं संगीत ऐकवलं, दुसऱ्याला त्यांना न रुचणारं संगीत. न रुचणारं कुठलं निवडलं, माहीत आहे? आपलं भारतीय शास्त्रीय संगीत! (रागावू नका. ती मुलं तिकडची, त्यांच्या कानाला सवय नव्हती.) नंतर त्यांना निळसर किंवा बदामी रंगाचं एक पेन निवडायला सांगितलं. आवडतं संगीत ऐकलेल्यांपैकी शंभरात ७९ जणांनी जाहिरातीतल्या रंगाचं पेन उचललं. न आवडणारं ऐकलेल्यांपैकी फक्त ३० जणांनी. पेन तेच, फरक फक्त गाण्याचा.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९८९ मध्ये केलॅरिस आणि कॉक्स या दोघांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम त्यांना मिळाला नाही. म्हणून "गाणं ऐकलं की माणूस कळसूत्री बाहुली होतो" असं म्हणायला नको. आपण बाहुल्या नाही, विवेक शाबूत आहे. पण दमलेल्या रात्री, भूक लागलेली असताना, ओळखीचं काही कानावर पडलं तर विवेकाला जांभई येते. माझं त्या रात्री तेच झालं.

मुलांचं आणखी वेगळं असतं. आपल्या मनात आधी दादाचं गाणं होतं, त्यावर नंतर पिझ्झा चिकटला. नातवाच्या मनाच्या पाटीवर पहिलं अक्षरच पिझ्झ्याचं पडलं. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये नियम केलाय की जास्त मेद, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही. नियम चांगला आहे. पण गाणं मुलाच्या तोंडात बसून शाळेच्या फाटकातून आत जातं, त्याला कोण अडवणार?

*३. मुखडा आणि अंतरा*

हा या पाठाचा गाभा आहे, नीट लक्षात घ्या.

मी ती पिझ्झ्याची जाहिरात पुन्हा पुन्हा पाहिली. गाणं चार मिनिटांचं, जाहिरातीत जेमतेम बारा सेकंद. फक्त मुखडा. ज्या अंतऱ्यात तो मुलगा घरापासून लांब एकटा बसलेला आहे, तो कुठेच नाही. असणारच कसा? आई आठवून गळा दाटला तर पिझ्झा कोण मागवेल? बर्गरवाल्या चंद्राच्या गाण्यातही खून नव्हता, फक्त ठेका होता.

जाहिरात मुखडा घेऊन जाते आणि अंतरा मागे टाकते. आनंद घेते, त्यामागचं दुःख, माणूस, प्रसंग गाळून टाकते. मागे टाकलेला तो अंतरा अजून आपल्याजवळ आहे, आणि तो सांभाळायचा की नाही हे आपल्या हातात आहे.

*४. मग आपली भजनं?*

हा पाठ मंडळात वाचला तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ मावशींनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "का गं, आणि आपण गुरुपौर्णिमेला सिनेमाच्या चालीवर पद म्हटलं, ते काय होतं?"

प्रश्न रास्त आहे. आपणही उसनं घेतो. लोकांना चाल येते, पटकन सूर लागतो, म्हणूनच घेतो, आणि जाहिरातवाल्यांचा हिशेबही तोच असतो. हे मान्य करून पुढे जायला हवं. आपल्याकडे ही रीत जुनी आहे. सोळाव्या शतकात पैठणला एकनाथ महाराजांनी वासुदेव, जोगवा, गोंधळ ही लोकांच्या ओळखीची रूपं घेऊनच भारुडं रचली.

मग फरक कशात? मला तीन गोष्टी सुचल्या. तुम्हाला आणखी सुचतील.

पहिली, ऋण उघड आहे का? आपल्या भजनाच्या वहीत पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल : अमुक' असं लिहिलेलं असतं. कुणाचं घेतलं ते आपण सांगतो. ती ओळ यापुढे कधी गाळू नका.

दुसरी, ऐकणाऱ्याकडून काय मागतो? भारूड ऐकणाऱ्याला स्वतःकडे पाहायला लावतं. जाहिरात पाकिटाकडे हात न्यायला लावते.

तिसरी, गाणं संपल्यावर माणूस कुठे पोचतो? आतमध्ये, की काउंटरवर?

या तीन कसोट्या लावल्या तर आपली काही पदंही नापास होतील, हे मावशींना मी कबूल केलं. नुसत्या टाळ्या मिळवण्यासाठी घेतलेली चाल ही आपलीच जाहिरात झाली.

उलट, जाहिरातीतही कधी काही बरं सापडतं. २०११ मध्ये चिपोटले या अमेरिकन फास्ट फूड कंपनीने एक छोटा चित्रपट केला. शेतकरी आपल्या शेताचा कारखाना करतो, मग पस्तावून पुन्हा साध्या शेतीकडे येतो. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचं 'द सायंटिस्ट' हे गाणं त्यात विली नेल्सन या ज्येष्ठ गायकाने गायलंय. मी पाहिला, डोळ्यांत पाणी आलं. पण शेवटी दुकानाचं नाव आलंच. बरं वाटलं, तरी तीन कसोट्या विसरायच्या नाहीत.

*५. घरी करून पाहा*

🌸 या आठवड्यात एक जाहिरात घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहा. मुलांना विचारा, "यात गाणं कशाबद्दल आहे आणि वस्तू कशाबद्दल?" उत्तर तुम्ही देऊ नका, त्यांना शोधू द्या.

🌸 जाहिरातीत वाजणारं एक गाणं पूर्ण ऐका, अंतऱ्यासकट. ते कुणी लिहिलं, कुणी गायलं, ते शोधून एका कागदावर लिहा.

🌸 मागवायचं असेल तर गाणं थांबल्यावर दहा मिनिटांनी मागवा. भूक खरी असेल तर ती दहा मिनिटं थांबते. पिझ्झा खाणं पाप नाही, पण मागवलं कुणी, आपण की गाण्याने, एवढं कळायला हवं.

🌸 घरातल्या गेलेल्या माणसाचं एक गाणं मुलांना त्याच्या गोष्टीसकट ऐकवा. नुसतं गाणं पुरत नाही.

*चिंतनासाठी प्रश्न*

१) माझ्या आयुष्यातलं कुठलं गाणं आता मला एखाद्या वस्तूचीच आठवण करून देतं? आधी ते कुणाची आठवण द्यायचं?
२) मुलांनी आज दिवसभरात जी गाणी गुणगुणली, त्यांतली किती आपण दिली आणि किती जाहिरातींनी?
३) आपल्या मंडळातल्या एखाद्या पदाला वरच्या तीन कसोट्या लावून पाहिल्या तर काय दिसतं?

उत्तरं आपापल्या कुटुंबाच्या ग्रुपवर लिहा. मोठी हवीत असं नाही. दोन ओळी पुरेत, पण खऱ्या हव्यात.

*शेवटी*

चौथी गोष्ट मी स्वतः करून पाहिली. गेल्या रविवारी वहिनीकडे गेले आणि माळ्यावरून दादाची ती वही काढली. पानं पिवळी पडलीत, एका कोपऱ्यावर चहाचा डाग आहे. नातवाला शेजारी बसवलं आणि टेप म्हणजे काय, पेन्सिल कशाला लागायची, हे सगळं सांगितलं. मग गाणं लावलं. तो वहीत बघून ऐकत होता. इंग्रजी शाळेत जातो, त्यामुळे आजोबांच्या चुका त्याला लगेच सापडायला लागल्या. "आत्याआजी, आजोबांनी हे चुकीचं लिहिलंय! हेसुद्धा!" एकूण अकरा चुका निघाल्या. अंतरा आला तेव्हा मात्र तो गप्प झाला. म्हणाला, "हा भाग टीव्हीवर नसतो."

वहिनी स्वयंपाकघरातून ऐकत होती. या वेळी तिने गाणं बंद करायला सांगितलं नाही.

त्याच्यासाठी ते अजूनही पिझ्झ्याचं गाणं आहेच. परवा जाहिरात लागली तेव्हा तो ओरडला, "आजोबांचं पिझ्झ्याचं गाणं!" आम्ही त्याला दुरुस्त केलं नाही. आजोबा आधी आले, तेवढं सध्या पुरे.

सद्गुरुचरणी सेवा अर्पण 🙏
पुढच्या गुरुवारी भेटू. जय सद्गुरू.